रविवारच्या पानावरची स्वप्ने

१५ ऑक्टोबर १९०५ रोजी, रविवारी सकाळी, 'न्यूयॉर्क हेरल्ड' या दैनिकाची रंगीत पुरवणी उघडणाऱ्या वाचकांना एक नवा मुलगा भेटला. त्याचे नाव निमो. लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ कुणीही नाही असा होतो. निद्रेच्या प्रदेशाचा राजा मॉर्फियस याने या मुलाला बोलावणे धाडले आहे आणि त्याला नेण्यासाठी घोडा आला आहे. निमो त्यावर स्वार होऊन ताऱ्यांमधून दौडू लागतो, वाटेत भेटलेल्या प्राण्यांशी शर्यत लावतो, त्याचा तोल जातो आणि तो अंतराळातून खाली कोसळू लागतो. पानाच्या तळाशी, शेवटच्या लहानशा चौकटीत, तो आपल्या खोलीत जागा झालेला आहे.

पुढे जवळजवळ सहा वर्षे दर रविवारी 'हेरल्ड'च्या पानावर हेच घडत राहिले. निमो झोपी जाई, स्लंबरलँड नावाच्या त्या नगरीकडे निघे आणि नेमक्या रंगात आलेल्या क्षणी जागा होई. त्या नगरीचे दार गाठायलाच त्याला कित्येक महिने लागले. कथानक म्हणावे तर इतकेच. परंतु या एवढ्याशा दोरीवर विन्सर मॅके या चित्रकाराने जो पसारा वाळत घातला, त्याच्यासमोर आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही चित्रकथांचे अभ्यासक आणि कलावंत थबकून उभे राहतात. वेताळ आणि मँड्रेक यांच्या चित्रकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला चौकट म्हणजे केवळ गोष्ट पुढे नेणारी खिडकी वाटते. मॅकेला चौकट ही गोष्टीइतकीच जिवंत वस्तू वाटत होती. ती ताणता येते, उंच करता येते, मोडता येते आणि प्रसंगी पात्रांना ती खाताही येते, हे त्याने दाखवून दिले.

मॅकेच्या जन्माची नोंद मोठी गमतीशीर आहे. त्याच्या थडग्यावर १८६९ हे वर्ष कोरलेले आहे, तो स्वतः १८७१ सांगत असे आणि जनगणनेची कागदपत्रे १८६७ आणि कॅनडा यांकडे बोट दाखवतात. बालपण मात्र निश्चितपणे अमेरिकेतील मिशिगन राज्यात, स्प्रिंग लेक या गावी गेले. वडील रॉबर्ट यांचा संबंध लाकडाच्या आणि जमिनीच्या व्यवहारांशी. ज्या धनिकाकडे त्यांनी नोकरी केली होती, त्या झेनास विन्सर यांचेच नाव त्यांनी मुलाला दिले. मुलगा दिसेल त्या पृष्ठभागावर चित्रे काढी. घराला आग लागल्यानंतर गोठलेल्या खिडकीच्या काचेवर खिळ्याने त्या आगीचे चित्र कोरले, हे आपले पहिले चित्र, असे तो पुढे सांगत असे. आपल्याविषयीच्या कथा रंगवून सांगण्याची त्याला हौस होती, हे ध्यानात ठेवूनही ही कथा सोडवत नाही. जळणारे घर आणि बर्फाने झाकलेली काच! पुढील साऱ्या चित्रसृष्टीचे साहित्य त्यात आहेच.

वडिलांनी त्याला १८८६ मध्ये इप्सिलान्टी येथील व्यापारी शिक्षणाच्या विद्यालयात घातले. हिशेब शिकून मुलगा मार्गी लागेल, ही कुठल्याही बापाची असते तशीच अपेक्षा. मुलगा वर्ग बुडवून डेट्रॉइटला जाई आणि तेथील 'वंडरलँड' नावाच्या अजबखान्यात लोकांची चित्रे काढून देई. एका चित्राचे पंचवीस सेंट मिळत. अशा अजबखान्यांना त्या काळी डाइम म्युझियम म्हणत. दहा सेंट देऊन आत शिरायचे आणि बुटके, राक्षसी देहाचे, दाढीवाल्या बायका, नकली जलपऱ्या असे जे काही मांडलेले असेल ते पाहायचे. मॅकेचे पहिले कलाविद्यालय हेच. औपचारिक म्हणावे असे शिक्षण त्याला इप्सिलान्टीतील जॉन गुडिसन या प्राध्यापकाने खासगीरीत्या दिले, आणि तेही मुख्यतः यथार्थदर्शनाचे, म्हणजे चित्रकलेच्या वर्गात ज्याला आपण पर्स्पेक्टिव्ह म्हणतो त्याचे. दूर जाणाऱ्या रेषा कुठे मिळतात, वरून पाहिलेला जिना कसा दिसतो, खालून पाहिलेले घुमट कसे झुकतात, हे त्याच्या हाताला असे काही भिनले की पुढे अशक्यप्राय राजवाडेही तो एखाद्या स्थापत्यविशारदाच्या खात्रीने उभे करू लागला.

१८८९ मध्ये तो शिकागोला गेला आणि सर्कशींची भित्तिपत्रके छापणाऱ्या एका कंपनीत लागला. तेथून १८९१ मध्ये सिनसिनाटी. पुन्हा एक अजबखाना, पुन्हा रंगीत फलक. त्याच वर्षी मॉड ड्यूफोर या अगदी कोवळ्या वयाच्या मुलीशी त्याने विवाह केला. रॉबर्ट आणि मॅरियन ही दोन मुले झाली. संसार वाढला तसा खर्चही वाढला, आणि पैशाची ही ओढ त्याला जन्मभर पुरली. जाहिरातींचे फलक रंगवताना आजूबाजूला गर्दी जमे. त्याच्या हाताचा वेग विलक्षण होता. कच्चे रेखाटन न करता तो एका दमात रेघ ओढी. एका वृत्तपत्राच्या माणसाने हे पाहिले आणि मॅके वृत्तपत्रसृष्टीत आला.

सिनसिनाटीच्या 'एन्क्वायरर'मध्ये १९०३ साली त्याची 'जंगल इम्प्स' ही मालिका आली. जॉर्ज रँडॉल्फ चेस्टर याच्या पद्यांवर बेतलेली. हत्तीला सोंड कशी आली, या धाटणीच्या त्या कथा. चित्रांचा थाट तेव्हाही दिसतो, पण त्यातील काळ्या बालकांचे रेखाटन आज पाहवत नाही. जाड ओठ, गवताचे घागरे, माणूसपण हिरावून घेतलेले चेहरे. पुढे 'निमो'मध्येही असाच एक इम्प येतो आणि अखेरपर्यंत राहतो. त्या काळी सगळेच असे काढीत, हे खरे आहे. पण वेली, हत्ती, घोडे आणि पलंगाचे पायसुद्धा इतक्या बारकाईने न्याहाळणाऱ्या चित्रकाराला शेजारून जाणारा काळा माणूस मात्र नीट पाहावासा वाटला नाही, ही उणीव काळाच्या माथी मारून सुटका होत नाही.

१९०३ च्या अखेरीस 'हेरल्ड'चे बोलावणे आले आणि मॅके न्यूयॉर्कला दाखल झाला. येथून पुढची सहा-सात वर्षे ही त्याच्या आयुष्यातील खरी वर्षे. या काळात त्याने एकाच वेळी दोन-दोन, तीन-तीन मालिका चालवल्या, आणि प्रत्येक मालिका म्हणजे एखादा प्रयोग होता. हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. प्रयोगशाळेत जसा एकच घटक बदलून बाकी सारे स्थिर ठेवतात, तसे मॅकेने केले.

'लिटल सॅमी स्नीझ' हेच पाहा. १९०४ मध्ये सुरू झालेली ही मालिका एका शिंकणाऱ्या मुलाची. सहा चौकटी. पहिल्या चार चौकटींत मुलाला शिंक येऊ पाहते आहे आणि त्याच्या आजूबाजूचे जग आपल्या कामात गढलेले आहे. पाचव्या चौकटीत शिंक येते आणि सगळे उधळून जाते. सहाव्यात मुलाला लाथ घालून हाकलले जाते. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. विनोद आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला दर आठवड्याला पुन्हा कसे हसवायचे? मॅकेचे उत्तर असे की, डोळा शिंकेवर ठेवूच नये, भोवतालच्या माणसांवर ठेवावा. चौकटीची मोजमापे आणि पाहण्याचा कोन तोच राहतो, आणि क्षणाक्षणाला पात्रांचे हात-पाय किंचित सरकतात. चित्रपटाच्या पट्टीवरील चौकटी जशा एकमेकींपासून किंचित वेगळ्या असतात, तसे. आणि २४ सप्टेंबर १९०५ च्या मालिकेत तर सॅमी रिकाम्या चौकटीत एकटाच उभा आहे. शिंकतो, आणि त्याच्याभोवतीची चौकटच काचेसारखी फुटून तिचे तुकडे त्याच्या अंगावर पडतात. चित्राला चौकट असते, हे पात्राला कळले, असा तो क्षण.

'हंग्री हेन्रिएटा' ही १९०५ मधील मालिका तुलनेने कमी ओळखली जाते. तिच्यातील बालिका दर आठवड्याला काही महिन्यांनी मोठी होत जाते. ती रडली की घरातील मोठी माणसे गडबडतात, तिला जवळ घेण्याऐवजी खायला देतात, आणि ती अधाशासारखी खाते. विनोदी म्हणून छापलेली ही मालिका सलग पाहिली की मन खिन्न होते. मूल मायेला भुकेले आहे आणि त्याच्या हातात बिस्किट दिले जात आहे. असे काही रविवारच्या पुरवणीत कुणी करून ठेवले होते, यावर विश्वास बसत नाही.

मोठ्या माणसांसाठीची त्याची मालिका म्हणजे 'ड्रीम ऑफ द रेअरबिट फीन्ड'. सप्टेंबर १९०४ पासून ती 'हेरल्ड'च्याच मालकाच्या 'इव्हिनिंग टेलिग्राम' या सायंदैनिकात येऊ लागली. तेथे मॅकेला स्वतःचे नाव वापरण्याची मुभा नव्हती, म्हणून तो सायलस अशी सही करी. रेअरबिट म्हणजे पावावर वितळवलेले चीज. रात्री उशिरा ते चापून खायचे आणि मग भयंकर स्वप्ने पडायची, एवढाच या मालिकेचा आधार. तिला कायमची पात्रे नाहीत, नायक नाही. दर खेपेस नवा माणूस, नवी भीती. आपल्या हातातील सुसरीच्या कातड्याची पिशवी जिवंत होऊन मगरमिठी घालते, असे एका बाईला दिसते. एका चित्रकथेत मेलेल्या माणसाच्या नजरेतून, थेट खड्ड्यातून वर पाहत, आपलेच दफन दाखवले आहे. वर वाकून पाहणारे आप्तेष्ट, त्यांची बोलणी, आणि मग अंगावर पडणारी माती. या चौकटी पाहताना श्वास कोंडतो. स्वप्नांचा उल्लेख आला की फ्रॉइडचे नाव घेण्याचा मोह होतो. पण त्याचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ इंग्रजीत आला तो १९१३ मध्ये, ही मालिका आटोपल्यानंतर. मॅकेला मनाच्या तळघराची वाट अजबखान्यातून सापडली असावी. त्याचा एक भाऊ १८९८ पासून मनोरुग्णालयात होता आणि ही गोष्ट मॅकेच्या घरात बोलली जात नसे. अभ्यासकांनी या दोहोंची सांगड घातली आहे. ती घालावी की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, परंतु जगाचे तोल क्षणात जातात, हे या माणसाला केवळ चित्रांपुरते ठाऊक नव्हते एवढे खरे.

या साऱ्या तयारीतून 'लिटल निमो इन स्लंबरलँड' उभा राहिला. निमोचा चेहरा त्याने आपल्या मुलाच्या, रॉबर्टच्या चेहऱ्यावरून घेतला. वृत्तपत्राचे अख्खे पान त्याला मिळाले आणि 'हेरल्ड'चा छापखाना रंगछपाईत त्या काळी अव्वल होता. मॅके काळ्या शाईत रेखाटन करी आणि रंगांच्या सूचना छापखान्यातील कारागिरांना देई. फिकट जांभळे आकाश, त्यावर मोतिया रंगाचा राजवाडा, पहाटेच्या आधीचा निळसर अंधार, हे सारे स्वस्त कागदावर, दुसऱ्या दिवशी भाजी बांधायला जाणाऱ्या पानावर उमटे.

२६ जुलै १९०८ चे पान या मालिकेतले सर्वांत प्रसिद्ध. निमो आणि त्याचा मित्र फ्लिप पलंगावर बसले आहेत. पलंगाचे पाय लांब होऊ लागतात. पलंग खोलीबाहेर पडतो, रस्त्याने चालू लागतो, घरांच्या छपरांवरून ढांगा टाकू लागतो. पाय वाढतात तसतशा चौकटीही उंच होत जातात, कारण पाय मावायचे तर चौकटीने वाढलेच पाहिजे. शेवटी पलंग एका चर्चच्या मनोऱ्याला अडखळतो आणि निमो जमिनीवर. पान हातात धरून दुरून पाहिले तर चौकटींच्या आकारातूनच चढ आणि पडझड दिसते. गोष्ट वाचण्याआधीच ती डोळ्यांना कळलेली असते. त्याआधी, १ डिसेंबर १९०७ च्या पानात तर भुकेलेली पात्रे चौकटीच्या रेषा ओढून काढतात, वरच्या शीर्षकाची अक्षरे पाडतात आणि ती खाऊन टाकतात. अशा करामतींना आज आधुनिकोत्तर वगैरे म्हणतात. मॅकेने त्या रविवारी सकाळच्या चहाबरोबर दिल्या.

मला स्वतःला या करामतींहून १९०८ मधील झोपडवस्तीचे प्रकरण अधिक मोलाचे वाटते. निमोच्या हाती जादूची कांडी असते. तो एका दरिद्री वस्तीत शिरतो, मोडक्या घरांच्या जागी बागा उभ्या करतो, आजारी मुलीला बरे करतो. आठवड्यामागून आठवडे हे चालते. एरवी राजवाडे आणि हत्ती यांत रमणाऱ्या चित्रकाराने तेवढ्याच निगुतीने तुटकी कुंपणे आणि चिखल काढला आहे. आणि शेवटची चौकट याही पानांना आहेच.

मॅकेचे दोषही लपण्यासारखे नाहीत. त्याच्या पात्रांच्या तोंडचे फुगे दाटीवाटीचे असतात, अक्षरे कशीबशी कोंबलेली आणि संवाद बेचव. हाय, हाय, आणि आता काय होणार, यापलीकडे निमोला फारसे बोलायला येत नाही. ज्या पानावर एकही रेघ वावगी नाही, त्या पानावर शब्द मात्र भाडेकरूसारखे राहतात. त्याच काळात ज्या मालिका नुसत्या बोलण्याच्या बळावर गाजत होत्या, त्यांच्यापुढे 'निमो' लोकप्रियतेत मागे राहिला, यात नवल नाही.

मॅकेला एक दुसरेही वेड होते. जून १९०६ पासून तो रंगमंचावर उभा राहू लागला. वॉडव्हिल म्हणजे गाणी, कसरती, विनोद, जादू यांची मिसळ असलेला तेव्हाचा लोकप्रिय खेळ. त्यात मॅके फळ्यासमोर उभा राहून खडूने एक पुरुष आणि एक स्त्री यांचे चेहरे काढी आणि पुसत-बदलत त्यांना बालपणापासून वार्धक्यापर्यंत नेई. दर आठवड्याला पाचशे डॉलर मिळत. गावोगाव दौरे चालत, आणि वृत्तपत्राची पाने तो हॉटेलच्या खोलीत किंवा रंगपटात बसून काढी. १९०८ मध्ये 'लिटल निमो' हे व्हिक्टर हर्बर्टच्या संगीताने नटलेले भव्य संगीतक ब्रॉडवेवर आले. त्यावर एक लाख डॉलर खर्च झाले होते. गर्दी झाली, पण खर्च निघाला नाही.

फळ्यावरचे चेहरे वयस्क होतात, सॅमीचे अंग चौकटीगणिक सरकते, पलंगाचे पाय वाढतात. हा माणूस काळाचेच चित्र काढत होता. चित्रपटाकडे वळणे आता फक्त वेळेचा प्रश्न होता. रॉबर्टने घरी आणलेल्या भरभर उलटायच्या चित्रवह्या हे निमित्त झाले, असे मॅके सांगे. १९११ मध्ये त्याने सुमारे चार हजार चित्रे हाताने काढली आणि निमो, फ्लिप व इम्प यांना पडद्यावर हलवले. त्या फिल्मच्या चौकटी हातानेच रंगवल्या होत्या. पुढच्या वर्षी माणसाचे रक्त पिणाऱ्या डासाची फिल्म आली. डास तारांनी हलवला असावा, अशी लोकांना शंका आली. मॅकेने मग असा प्राणी निवडला की ज्याचे छायाचित्र घेतल्याचा आरोप कुणी करूच शकणार नाही. डायनोसॉर.

८ फेब्रुवारी १९१४ रोजी शिकागोच्या पॅलेस थिएटरमध्ये 'गर्टी' प्रथम लोकांपुढे आली. मॅके पडद्याशेजारी चाबूक घेऊन उभा. तो हाक मारतो, गर्टी लाजत गुहेतून डोकावते. तो आज्ञा देतो, ती पाय उचलते. दरडावतो तर रडते. तो सफरचंद फेकल्यासारखे करतो, पडद्यावरील गर्टी ते झेलते. शेवटी मॅके पडद्यामागे जातो आणि त्याच क्षणी चित्रातला मॅके पडद्यावर अवतरून गर्टीवर बसून निघून जातो. या काही मिनिटांसाठी सुमारे दहा हजार चित्रे लागली. तेव्हा पारदर्शक सेल्युलॉइडचा वापर रूढ नव्हता, त्यामुळे मागचा डोंगर, तळे आणि दगड प्रत्येक कागदावर पुन्हा काढावे लागत. हे कंटाळवाणे काम जॉन फिट्झसिमन्स या शेजारच्या तरुणाने केले. गर्टीच्या श्वासाची लय ठरवण्यासाठी मॅकेने घड्याळ लावून स्वतःचा श्वास मोजला होता. आधी महत्त्वाच्या हालचालींची चित्रे काढायची आणि मधली नंतर भरायची, तेच चित्र पुन्हापुन्हा वापरून हालचालीचे आवर्तन करायचे, कागद हलू नयेत म्हणून कोपऱ्यांत खुणा करायच्या, या साऱ्या युक्त्या त्याच्या. परंतु हे सारे विसरायला लावते ती गर्टी. ती हट्टी आहे, खोडकर आहे, तिला लाज वाटते. याआधीही चित्रे पडद्यावर हलली होती. पण स्वभाव असलेले चित्र लोक बहुधा पहिल्यांदाच पाहत होते.

या युक्त्यांचे त्याने पेटंट घेतले नाही. काम चालू असताना एक तरुण भेटायला आला, आपण अ‍ॅनिमेशनवर लेख लिहीत आहोत असे त्याने सांगितले आणि मॅकेने त्याला सारे मोकळेपणाने दाखवले. तो जॉन रँडॉल्फ ब्रे होता, असे मॅकेचे म्हणणे. ब्रेने यांतील काही पद्धतींचे पेटंट आपल्या नावे केले आणि वर मॅकेवरच दावा लावला. दावा टिकला नाही, आणि काही काळ मॅकेलाच मानधन मिळत राहिले. पण अ‍ॅनिमेशनचा कारखाना कसा उभारायचा हे ब्रेला कळले होते, मॅकेला त्यात रस नव्हता.

खरा फास दुसरीकडून आवळला गेला. १९११ मध्ये मॅके 'हेरल्ड' सोडून विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वृत्तपत्रसमूहात गेला होता. पगार घसघशीत होता. 'निमो'चे शीर्षक 'हेरल्ड'कडे राहिले, पात्रे मॅकेने वेगळ्या नावाखाली सोबत नेली. हर्स्टचा संपादक आर्थर ब्रिस्बेन याला मात्र पलंग आणि परीकथा नको होत्या. मालिका बंद करून मॅकेने आपल्या अग्रलेखांना शोभतील अशी गंभीर चित्रे काढावीत, असा त्याचा हुकूम होता. 'गर्टी'चे खेळ गाजत असतानाच हर्स्टने न्यूयॉर्क परिसराबाहेर मॅकेच्या रंगमंचीय प्रयोगांना मनाई केली. १९१४ नंतर वर्षानुवर्षे मॅके काढत राहिला ती व्यसनाचा राक्षस, युद्धाचा सांगाडा, आळसाची दलदल अशी रूपकचित्रे. ती चित्रे पाहिली तर छाया-प्रकाशाची करामत जराही उणावलेली नाही. तिरप्या रेषांची ती दाट जाळी, खोलवर जाणारे रस्ते, गर्दीतील प्रत्येक चेहरा वेगळा. फक्त त्यांत पुढची चौकट नाही. एकच चित्र, आणि त्याने सांगायचे ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलेले.

त्याने पूर्णपणे मान टाकली असेही नाही. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवले आणि जवळजवळ बाराशे माणसे प्राणाला मुकली. हर्स्टची वृत्तपत्रे अमेरिकेने युद्धात पडू नये या मताची होती, आणि मॅकेला त्या मताची चित्रे पोटासाठी काढावी लागत होती. घरी, रात्री, स्वतःच्या पैशाने, त्याने 'लुसिटानिया'च्या जलसमाधीची फिल्म करायला घेतली. या वेळी सेल्युलॉइडवर, सुमारे पंचवीस हजार चित्रे. पूर्ण व्हायला जवळजवळ दोन वर्षे लागली. ती १९१८ च्या जुलैमध्ये प्रदर्शित झाली तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेली होती. काळ्या पाण्यावर कलंडणारे जहाज, दोरांवरून मुंग्यांसारखी घसरणारी माणसे, आणि शेवटी बाळाला पाण्यावर धरून स्वतः बुडत जाणारी आई. त्यातील मजकूर उघड प्रचारी आहे. पण धुराचे लोट आणि लाटा यांचे चित्रण पाहताना तो मजकूर दूर राहतो. येथे जागे होण्याची चौकट नव्हती.

१९२१ मध्ये 'रेअरबिट'वर बेतलेल्या तीन फिल्म त्याने केल्या. 'द पेट'मध्ये एक पाळीव प्राणी खाऊन खाऊन इमारतींएवढा होतो आणि विमाने त्याच्यावर चालून जातात. 'किंग काँग' यायला तेव्हा बारा वर्षे होती. 'द फ्लाइंग हाउस'मध्ये कर्ज चुकवण्यासाठी एक नवरा घराला पंख लावून ते उडवतो. त्यानंतर मॅकेची नवी फिल्म आली नाही. १९२४ मध्ये करार संपल्यावर तो 'हेरल्ड'च्या नव्या अवताराकडे, 'हेरल्ड ट्रिब्यून'कडे परतला आणि 'निमो' पुन्हा सुरू केला. रेषा तीच होती. पण जाझच्या आणि मोटारींच्या काळातील वाचकांना निद्रानगरीचे वेध उरले नव्हते. दोन वर्षांत मालिका थांबली. दैनिकाने 'निमो'चे सारे हक्क मॅकेला एका डॉलरला देऊन टाकले आणि तो पुन्हा हर्स्टच्या रूपकचित्रांकडे गेला.

१९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅनिमेशन व्यवसायातील मंडळींनी त्याला मेजवानी दिली. गुरुस्थानी मानून बोलावलेल्या या पाहुण्याने उठून सांगितले की, मी ही कला समजत होतो आणि तुम्ही तिचा धंदा केलात. मंडळी अवघडली. टाळ्या बेताच्याच पडल्या. तो बोलला त्यात तथ्य होते, पण पूर्ण तथ्य नव्हते. पंचवीस हजार चित्रे काढायची जिद्द कुणाकुणात असणार? धंद्यानेच ती कला जगवली, आणि मॅकेने ज्या वॉडव्हिलमध्ये गर्टीला उभे केले तोही धंदाच होता.

२६ जुलै १९३४ रोजी ब्रुकलिनमधील शीप्सहेड बे येथील घरी मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने मॅकेचे निधन झाले. मिळवले होते पुष्कळ, उडवलेही पुष्कळ. मागे फारसे काही उरले नाही. वृत्तपत्राच्या चित्रांची मूळ पाने जपून ठेवावीत, असे त्या काळी कुणाला वाटत नसे. मॅकेने मात्र ती ठेवली होती. त्यांतली पुष्कळशी पुढे आगीत गेली. फिल्मच्या नायट्रेट रिळांचा तर चुरा होत होता. रॉबर्टने १९३७ मध्ये 'निमो' पुन्हा आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. १९५५ मध्ये वॉल्ट डिस्नेने आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गर्टीचा जुना रंगमंचीय खेळ नव्याने उभा केला, तेव्हा सल्ल्यासाठी रॉबर्टला बोलावले होते. डिस्नेने खिडकीतून आपल्या स्टुडिओचा विस्तार दाखवला आणि हे सारे तुमच्या वडिलांचे असायला हवे होते, अशा अर्थाचे काही तो म्हणाला, असे सांगतात.

१९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मॅकेची मूळ चित्रे मांडली गेली. वृत्तपत्राच्या रद्दीतून निमो प्रथमच काचेमागे गेला. १९७० मध्ये मॉरिस सेंडाकने 'इन द नाइट किचन' या बालपुस्तकात त्याला उघड वंदन केले. १९८७ मध्ये जॉन केनमेकर याने लिहिलेले सविस्तर चरित्र आले. 'गर्टी' १९९१ मध्ये, 'लिटल निमो' २००९ मध्ये आणि 'लुसिटानिया' २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट ठेव्यात दाखल झाली.

रिळांच्या ढिगाऱ्यातून जे वाचले, त्यात 'गर्टी ऑन टूर' या अपुऱ्या फिल्मचा एक लहानसा तुकडा आहे. तो जेमतेम मिनिटभर चालतो. गर्टी आधुनिक जगात आली आहे. एका बेडकाशी तिची गाठ पडते, रुळांवरून येणारी गाडी तिला खेळणे वाटते. मग ती आडवी होते आणि तिला स्वप्न पडते. त्या स्वप्नात ती आपल्या जातीच्या, केव्हाच नाहीशा झालेल्या इतर डायनोसॉरांसमोर नाचत असते.